कोरिया पाहण्याआधी थोडा वाचावा

महोदय,

कोरियन मालिका आणि गाण्यांच्या ओढीने आज अनेक मराठी घरांतील मुले ती भाषा शिकत आहेत, आणि सहल कंपन्यांच्या जाहिरातींत सोलचे नाव ठळकपणे झळकू लागले आहे. ही ओढ उथळ आहे असे मी मानत नाही. माझी महाविद्यालयात शिकणारी नात याच वाटेने कोरियाच्या इतिहासापर्यंत पोहोचली आणि मलाही तिने तिथवर नेले. माझी तक्रार आहे ती या सहलींच्या आखणीबद्दल.

आम्ही ज्या सहलीबरोबर गेलो, तिच्यात सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यासाठी जेमतेम पाऊण तास होता आणि तो भाड्याच्या हानबोक या पारंपरिक कोरियन पोशाखात छायाचित्रे काढण्यातच संपला. हा पोशाख घालणाऱ्याला राजवाड्यात प्रवेश मोफत असतो, हे आम्हाला दोनदा सांगण्यात आले. मात्र १३९५ साली बांधलेला हा वाडा १५९२च्या जपानी स्वारीच्या वेळी जळाला, पावणेतीनशे वर्षे ओसाड राहिला आणि १८६७ मध्ये पुन्हा उभा राहिला, याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. पुढे जपानी राजवटीने याच वाड्याच्या पुढ्यात, त्याचे दर्शन झाकले जाईल अशा बेताने, १९२६ मध्ये आपले दगडी सरकारी मुख्यालय उभारले. १५ ऑगस्ट हा कोरियाचाही, जपानच्या राजवटीतून सुटकेचा, मुक्तिदिन. १९९५ साली त्याच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी ही इमारत पाडण्यास सुरुवात झाली. तिच्या घुमटाचा कळस चोनान शहरातील स्वातंत्र्य संग्रहालयाच्या आवारात जमिनीच्या पातळीखाली, मावळतीच्या दिशेला ठेवलेला आहे. एवढे आधी वाचलेले असल्यामुळे वाड्याच्या ग्वांगह्वामुन दरवाजातून आत शिरल्यावर समोरचे मोकळे पटांगण मला नुसते मोकळे वाटले नाही.

सहल संपल्यावर आम्ही दोघी चार दिवस मागे राहिलो. देगू शहरातून दीड तास बसने जाऊन हेइन्सा हा डोंगरातला बौद्ध मठ पाहिला. तेराव्या शतकात मंगोल स्वाऱ्यांच्या काळात कोरलेले बौद्ध ग्रंथांच्या छपाईचे ८१ हजारांहून अधिक लाकडी ठसे तिथे आजही शाबूत आहेत. ते ठेवलेल्या पंधराव्या शतकातील कोठारांना यंत्राचा कसलाही आधार नाही. पुढच्या भिंतीत खालच्या खिडक्या मोठ्या आणि वरच्या लहान, तर मागच्या भिंतीत नेमके उलट, त्यामुळे वारा आत शिरून सगळीकडे फिरतो आणि मग बाहेर पडतो. जमिनीत कोळसा, मीठ आणि चुना घातलेला असल्याने दमटपणा आटोक्यात राहतो. खिडकीच्या लाकडी गजांना कपाळ टेकवून मी आत पाहिले, तेव्हा काळसर ठसे कपाटात पुस्तकांसारखे उभे रचलेले दिसले. १९५१ मध्ये उत्तर आणि दक्षिण कोरियातील युद्ध चालू असताना या परिसरावर बॉम्ब टाकण्याचा आदेश मिळाला होता. किम योंग-ह्वान या कोरियन वैमानिकाने तो पाळला नाही, म्हणून हे सारे आज आपल्याला पाहायला मिळते.

निघण्यापूर्वी नातीने मला हंगुल लिपी शिकवली होती. राजा सेजोंग यांनी १४४३ मध्ये ती सिद्ध केली आणि १४४६ मध्ये प्रजेसाठी जाहीर केली. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग शाळेत घोकलेल्या मराठी माणसाला ती परकी वाटू नये, कारण जीभ आणि ओठ उच्चारताना जो आकार घेतात त्यावरूनच तिची मूळ व्यंजने बेतली आहेत, आणि ‘क’च्या खुणेत एक रेघ वाढवली की ‘ख’ होतो. मेट्रोत एका स्थानकाचे नाव मी अडखळत वाचले, तेव्हा नात म्हणाली, “आजी, आता तू मला विचारायचं नाहीस.”

सर्वांत जास्त खंत वाटली ती उत्तर कोरियाच्या सीमेजवळ. युद्धकथा सांगणाऱ्या वाटाड्याच्या तोंडी भारताचा उल्लेखही नव्हता. २७ जुलै १९५३च्या युद्धबंदीनंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांची जबाबदारी भारतीय सैन्याने घेतली होती. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या आणि प्रत्यक्ष भारतीय दलाचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाच्या सरकारने आपल्या भूमीवर भारतीय सैनिकांना पाऊल ठेवू देण्यास नकार दिल्यामुळे त्यांना इंचॉनच्या बंदरातून हेलिकॉप्टरने थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले होते. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओढून आपल्या छावणीत नेले, तेव्हा थोरात निःशस्त्र आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आले. कोणत्याच बाजूला जायचे नसलेले अठ्ठ्याऐंशी कैदी १९५४ मध्ये या दलाबरोबर भारतात आले. परतीच्या बसमध्ये मी हे सांगितले, तेव्हा मराठी सहप्रवाशांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हते. आणि कोल्हापुरात जन्म काढूनही काही वर्षांपूर्वीपर्यंत मलाही ठाऊक नव्हते.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. सहल कंपन्यांनी कार्यक्रमपत्रिकेबरोबर खरेदीच्या ठिकाणांची यादी देतात तशी चार पानांची इतिहासाची टिपणेही प्रवाशांना निघण्याआधी द्यावीत. आणि कोल्हापूर, सातारा, सांगली भागातून त्या वेळी कोरियाला गेलेल्या जवानांच्या घरी जुनी पत्रे किंवा छायाचित्रे असतील, तर ती पाठवण्याचे आवाहन आपण आपल्या वृत्तपत्रातून करावे. त्या पिढीतील फारच थोडे लोक आता हयात असतील.

– एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर