गाभण कालवडींच्या खुराकातील करडई

माइल्स सिटी, मोंटाना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गाभण गाईला करडई चारावी का, असे तू विचारले आहेस. तुमच्या मराठवाड्यात करडई पिकते, तेव्हा हा विचार मनात येणारच. पण गाभण जनावरांना करडई चारण्याचे प्रयोग येथे अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या ज्या गुरांवर झाले, त्यांची परिस्थिती आधी ध्यानात घे. येथे फेब्रुवारी-मार्चमध्ये, पारा शून्याच्या बराच खाली असताना, कालवडी उघड्यावर वितात. वासरू ओलेचिंब जन्मते, आणि आईने चाटून कोरडे करण्यापूर्वीच त्याच्या कानांची टोके गोठू लागतात. पुढे ती वाळून गळून पडतात. अशा वेळी कुडकुडण्याखेरीज त्याला ऊब मिळते ती मूत्रपिंडांभोवतीच्या तपकिरी चरबीतून.

गावालगतच्या फोर्ट किओ संशोधन केंद्रात पहिलारू कालवडींना विण्याआधी करडईचे बी चारून त्यांची वासरे थंड खोलीत ठेवून पाहिली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार या वासरांनी अंगातील ऊब अधिक चांगली टिकवली. पुढच्या सगळ्याच चाचण्यांत मात्र असा फरक आढळला नाही. तेथेच करडई, सोयाबीन आणि सूर्यफूल चारलेल्या कालवडी एका चाचणीत पुढच्या खेपेस अधिक प्रमाणात गाभण राहिल्या. दुसऱ्या चाचणीत चारा मुबलक होता आणि फायदा दिसला नाही. मला हा दुसरा निकालच अधिक मोलाचा वाटतो, कारण चारा पुरेसा असेल तर तेलबियांचा फायदा होईलच असे नाही, हे त्यातून दिसते.

प्रमाणाच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे. एकूण शुष्क आहारात (ओलावा वगळून मोजलेल्या खाद्यात) स्निग्धांश ५ ते ६ टक्क्यांच्या वर गेला, की कोठीपोटातील जिवाणूंना तंतुमय चारा नीट पचवता येत नाही. दिवसाला १२ किलो शुष्क चारा खाणाऱ्या गाईला ५ टक्के धरल्यास ही मर्यादा ६०० ग्रॅमची. त्यातले दोन-अडीचशे ग्रॅम गवतातूनच येतात. म्हणजे ४० टक्के तेलाचे सूर्यफूल किलोभरापेक्षा जास्त देता येत नाही, आणि तेही विण्याआधीचे सुमारे दोन महिने. सूर्यफूल अख्खे चालते. करडईचे टरफल कठीण असल्याने ती भरडावी लागते, आणि भरड लवकर खवट होते.

तुझ्याकडे ही थंडी नाही आणि तुझी गाय येथल्या गाईंहून लहान आहे. तेव्हा बियाण्यावर पैसे घालू नकोस. कडब्यात उणीव असते ती प्रथिनांची, आणि ती घाण्याच्या पेंडीने भरून निघते. त्या पेंडीत थोडे तेलही उरलेले असतेच. गाईचे अंदाजे वजन, विण्याचा महिना आणि सध्याचा चारा कळव, म्हणजे पेंड किती द्यायची ते लिहून पाठवतो.

तुझा स्नेही