ज्येष्ठांना होडीत घेताना हात ओढू नका, शिडी लांब करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मालवण, तारकर्ली, देवबाग येथे स्नॉर्कलिंगसाठी (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचे समुद्रविश्व पाहण्यासाठी) उतरणाऱ्यांमध्ये साठी ओलांडलेले पर्यटक आता नेहमीचे झाले आहेत. चिवला किनाऱ्यावरच्या सागरी जलतरण स्पर्धेतही ज्येष्ठ मंडळी हौसेने पोहतात. पाण्यात त्यांना फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो होडीत परत चढताना. दोन खलाशी काठावरून वाकतात, एकेक हात धरतात आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून वर ओढतात. ही पद्धत बंद व्हायला हवी. तिची जागा काय घेऊ शकते, हे सांगण्यासाठी हे पत्र.

पाण्यात शरीराचे वजन जवळजवळ जाणवत नाही. कमरेपर्यंत बाहेर आले की सुमारे निम्मे वजन परत येते, पूर्ण बाहेर आले की सगळे, आणि त्यात भिजलेल्या कपड्यांची भर. अर्धा तास पोहून दमलेल्या माणसावर हा भार दहा-पंधरा सेकंदांत पडतो. आपल्या फायबर होड्यांचा काठ पाण्यापासून अडीच-तीन फूट वर असतो. अशा वेळी हात धरून ओढले तर सगळा ताण खांद्याच्या सांध्यावर येतो. उतारवयात खांद्याचे स्नायुबंध झिजलेले असतात, ते फाटतात किंवा खांदा निखळतो. छाती आणि बरगड्या काठावर घासतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साध्या घासण्यानेही मोठे काळेनिळे डाग उठतात, पातळ झालेली कातडी सोलवटते.

‘आमच्याकडे शिडी आहे,’ असे बहुतेक होडीवाले सांगतील. प्रश्न आहे तो ती पाण्याखाली किती जाते याचा. शिडीची शेवटची पायरी पाण्याला टेकत असेल किंवा जेमतेम अर्धा फूट खाली असेल, तर तिच्यावर पाय ठेवायला गुडघा छातीपर्यंत आणावा लागतो. सांधेदुखी असलेल्याला किंवा गुडघा बदललेल्याला ते जमत नाही. मग तो हातांनी लटकतो आणि हात थोड्याच वेळात थकतात. अमेरिकेत बोटींसाठी जी मानके वापरतात, त्यांत सर्वांत खालची पायरी पाण्याखाली किमान २२ इंच हवी असे म्हटले आहे. आमच्या मते ज्येष्ठांसाठी अडीच फूट उत्तम, म्हणजे दहा-दहा इंचांच्या अंतराने तीन पायऱ्या पाण्यात. पहिल्या पायरीवर माणूस पाण्यात असतानाच सहज उभा राहिला पाहिजे. तेवढे झाले की निम्मे काम झाले.

दोराची शिडी या कामासाठी वापरूच नये. होडीची कूस, म्हणजे बाजूचे अंग, खाली आतल्या बाजूला वळलेली असते. त्यामुळे पाय टाकताच दोराची शिडी कुशीखाली सरकते, पाय पुढे जातात, पाठ मागे कलते आणि माणूस पाण्याला समांतर लोंबकळतो. तरुणालाही ते जड जाते. शिडी कडक पाइपची हवी आणि होडीच्या अंगापासून निदान सहा इंच दूर राहील असे आडवे टेकू तिला हवेत, म्हणजे पायाची बोटे होडीवर आपटत नाहीत. तिचा खालचा भाग बाहेरच्या बाजूला थोडा निघालेला असावा. या कलामुळे वजन पायांवर येते आणि लाइफ जॅकेटचा छातीवरचा जाड फोम पायऱ्यांत अडकत नाही. जॅकेट आड येते म्हणून ते पाण्यातच काढून घेण्याची खोड काही ठिकाणी आहे, ती धोक्याची आहे. माणूस होडीत बसेपर्यंत जॅकेट अंगावरच राहिले पाहिजे.

पायऱ्या गोल पाइपच्या नकोत. पाण्यात मऊ पडलेल्या तळव्यांना बारीक पाइप रुततो. अडीच-तीन इंच रुंद सपाट पट्टी आणि तिच्यावर खरखरीत थर असावा. शिडीचे दोन्ही दांडे काठाच्या वर दोन-अडीच फूट गेलेले हवेत. हे सहसा कोणी करत नाही आणि अडचण नेमकी तिथेच येते. शेवटच्या पायरीवर हाताला धरायला काही उरत नाही, म्हणून माणूस ओणवा होतो आणि पोटावर होडीत पडतो.

बसवण्याबद्दल थोडे. पाइप ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. ३०४ स्वस्त पडतो, पण खाऱ्या पाण्यात वेल्डिंगपाशी लवकर गंज धरतो. फायबरमध्ये नुसते स्क्रू मारू नयेत, चढणाऱ्याच्या हिसक्याने ते उपटून येतात. आरपार बोल्ट आणि आतून जाड प्लायची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी द्यावी. जागा निवडावी बाजूच्या काठावर, मध्यापासून किंचित मागे. पिछाडीला इंजिनाशेजारी शिडी लावणे सोयीचे वाटते, पण लाटेत पिछाडी जोरात वर-खाली आपटते आणि इंजिनाचा पाण्यातला पंखा हाताच्या अंतरावर असतो. वॉटर स्कीइंगच्या बोटींना मागे पाण्यालगत रुंद फळी असते. तिच्यावर पाठमोरे होऊन बसता येते, म्हणून तिथे मागून चढणे शक्य होते. आपल्या होड्यांना तशी फळी नाही.

आता प्रत्यक्ष चढण्याबद्दल. पहिली गोष्ट, इंजिन बंद. न्यूट्रलवर ठेवणे म्हणजे बंद नव्हे. कुणाचा धक्का लागला तर गिअर पडतो आणि काही मशिनांचा पंखा न्यूट्रलवरही हळू फिरत राहतो. किल्ली किंवा सेफ्टी दोरी (जी काढली की इंजिन बंद पडते) तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, काढून स्वतःच्या हातात ठेवावी. बाकीच्या प्रवाशांना विरुद्ध बाजूला बसवावे. आजोबा कसे चढतात ते बघायला सगळे एकाच काठावर आले की होडी कलते आणि शिडी जागची हलते. पाण्याला ओढ असेल तर पिछाडीला फ्लोट बांधलेला पंधरा-वीस मीटरचा तरंगता दोर आधीच सोडून ठेवावा, म्हणजे दमलेल्याला होडी गाठण्यासाठी प्रवाहाविरुद्ध पोहावे लागत नाही.

एक गाइड पाण्यात, चढणाऱ्याच्या मागे आणि किंचित बाजूला असावा. अगदी खाली कोणीही थांबू नये, वरचा घसरला तर थेट डोक्यावर येतो. फिन्स (पोहण्यासाठी पायांत घालायची रबरी पाती) शिडी धरल्यानंतरच काढाव्यात, एक-एक करून, आणि त्या गाइडनेच काढाव्यात. मास्क शेवटपर्यंत डोळ्यांवर राहू द्यावा, कारण शिडीपाशी तोंडावर पाणी उडते आणि दचकून हात सुटतो. मग दोन्ही पाय सर्वांत खालच्या पायरीवर ठेवून अर्धा मिनिट नुसते उभे राहायचे आणि श्वास जागेवर येऊ द्यायचा. या अर्ध्या मिनिटाची घाई कोणी करू नये. बाकीच्यांनी ‘चला काका, चला’ असा ओरडा अजिबात करू नये.

लाट असेल तर शिडी खाली येताना ती धरायची आणि वर जाताना तिच्याबरोबर वर जायचे. चढताना चांगला पाय आधी, दुखरा नंतर, आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणायचे. हात फक्त तोल सांभाळण्यासाठी असतात, जोर मांड्यांचा. गाइडने पाय योग्य जागी पडतो ना ते पाहावे आणि गरज पडल्यास तळव्याखाली किंवा नितंबाखाली आधार द्यावा. वरच्या खलाशाने गुडघ्यावर बसून जॅकेटचा खांद्याचा पट्टा धरावा, दंड किंवा मनगट नाही. जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा नसेल तर ओढल्यावर जॅकेट गळ्यापर्यंत सरकते, म्हणून असा पट्टा असलेली जॅकेटे ज्येष्ठांसाठी वेगळी राखून ठेवावीत.

आधार देण्याचा प्रश्न स्त्रियांच्या बाबतीत नाजूक होतो. साडी, सलवार, सुती नाइटी, ओढणी यांत पाणी भरते, कापड पायऱ्यांत अडकते, आणि परक्या पुरुषाने कमरेला हात लावलेला आजींना नको असतो. त्या अंग चोरून घेतात आणि तोल जातो. दोन्ही बाजूंना धरायला मुठी असलेला, रुंद आणि घट्ट बसणारा कमरपट्टा जॅकेटखाली बांधला तर गाइड तो पट्टा धरून आधार देऊ शकतो. रुग्णाला उठवण्या-बसवण्यासाठी असे पट्टे मिळतात. कसा आणि कुठे हात लागेल हे उतरण्यापूर्वी मावशींना, आजींना स्पष्ट सांगावे आणि त्यांची संमती घ्यावी. घट्ट लेगिंग आणि अंगाला बसणारा टी-शर्ट हा पोशाख किनाऱ्यावरच सुचवावा.

काठाशी पोहोचल्यावर काठ ओलांडायला लावू नये. दांडे धरून वळायचे, काठावर बसायचे आणि मग पाय एकेक करून आत घ्यायचे. आत नऊ-दहा इंच उंचीची, न घसरणारी पेटी ठेवली तर तळावर उडी पडत नाही. त्यानंतर किमान पाच मिनिटे खाली बसून राहणे आवश्यक आहे. पाण्याच्या दाबामुळे पायांतले रक्त छातीकडे ढकललेले असते. बाहेर येताच तो दाब जातो, रक्त पायांत उतरते, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला चटकन घेरी येते. पोहताना शरीरातले पाणीही कमी झालेले असते, म्हणून घोट-घोट पाणी द्यावे.

धाप बसून राहिल्यावरही कमी होत नसेल, खोकला येत असेल, छातीत घरघर होत असेल किंवा फेसाळ, गुलाबी थुंकी पडत असेल, तर तो थकवा समजू नये. पोहताना फुप्फुसांत पाणी साठण्याचा हा प्रकार उतारवयात आणि उच्च रक्तदाब असलेल्यांत अधिक दिसतो. त्यांना आडवे न करता ताठ बसवून ठेवावे, ऑक्सिजन असल्यास द्यावा आणि थेट किनारा गाठावा.

शिडी चढणे कोणाला जमलेच नाही तर घाबरण्याचे कारण नाही. जॅकेट घातलेला, नीट श्वास घेणारा माणूस आपल्या कोमट पाण्यात काही वेळ सुरक्षित असतो. काठाच्या दोन खुंट्यांना दोराची दोन टोके बांधून मधला झोल पाण्याखाली दोन फूट सोडला की पायाला आधार मिळतो. झोलाच्या मध्यावर दोर पीव्हीसी पाइपच्या तुकड्यातून ओवला तर तो पायाला कापत नाही. तेही जमले नाही तर मजबूत, बारीक आसाच्या (लहान छिद्रांच्या) जाळ्याचा तुकडा घ्यावा. त्याची एक लांब कड होडीच्या आत घट्ट बांधावी, उरलेला भाग पाण्यात सोडावा, माणसाला होडीशी समांतर आडवे करून जाळे त्याच्याखालून घ्यावे आणि मोकळी कड वर ओढावी. माणूस जाळ्यात गडगडत वर येतो आणि ओढणाऱ्यांना साधारण निम्मेच वजन लागते. त्याचे हात अंगाशी आणि तोंड पाण्याबाहेर ठेवण्यासाठी तिसरा माणूस हवा. ताडपत्री वापरल्यास तिच्यात पाणी भरते, म्हणून जाळेच बरे. हा सराव खलाशांनी एकमेकांवर करून ठेवायला हवा.

हे सगळे टाळण्याची एक सोपी चाचणीही आहे. ज्येष्ठांना होडीतून उडी मारून नव्हे, तर शिडीनेच, होडीकडे तोंड करून पाण्यात उतरवावे. ज्यांना उतरतानाच गुडघा साथ देत नाही, त्यांना चढणे त्याहून कठीण जाणार. अशांनी किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात पोहावे. गुडघे, खांदे, हृदयविकार आणि चालू गोळ्या यांची चौकशी जेटीवरच व्हावी.

पावसाळ्यात जलपर्यटन बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. शिडी बसवायला तीच वेळ. महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाला आमची विनंती आहे की स्नॉर्कलिंगच्या होड्यांच्या तपासणीत शिडीची खोली, वरचे दांडे आणि बोल्ट यांचा समावेश करावा. दोन खलाशी एकदम शिडीवर उभे करून ताकद तपासता येईल. खोलीचे माप मात्र होडी तरंगत असताना आणि प्रवासी खाली उतरवूनच घ्यावे. माणसे पाण्यात गेली की हलकी झालेली होडी वर उचलली जाते आणि भरल्या होडीत दोन फूट खाली दिसणारी पायरी नेमकी चढायच्या वेळी काही इंच वर आलेली असते.

आपले,
मालवण किनाऱ्यावरील काही होडीचालक व गाइड