माटोळीची गाठ

डिचोली,
चतुर्थीनंतरचा रविवार

प्रिय सुहास,

तुझं पत्र पोचलं. वडील गेले आणि डोळ्यांतून टिपूस आलं नाही, म्हणून तू स्वतःला दगड म्हणवून घेतोस. अरे, ते फोनवर "पोचलास?" एवढं विचारून फोन आईकडे द्यायचे, ते मीच पाहिलंय. माझं ऐक.

चतुर्थीला गणपतीच्या वर टांगायची आमची माटोळी तुला आठवते ना? सुपारीचे शिपटे, तोरिंग, आंबाडे, केशरी कवंडळं, सगळं केवणीच्या सालीने चौकटीला बांधायचं. लहानपणी मीही गाठी मारायचो. बाबा काही बोलायचे नाहीत. मी खाली उतरलो की स्टुलावर चढून माझी गाठ सोडायचे आणि पुन्हा बांधायचे. दरवर्षी. ती सैल असायची की नाही, देव जाणे! मार खाल्ला असता तर विसरलो असतो.

आज पंचेचाळिशीत हाताखालच्या पोरांचं टिपण मी तसंच पुढे पाठवू शकत नाही, दोन शब्द तरी बदलतोच. साहेब "छान" म्हणाले की वाटतं, वाचलंच नसणार. परवा मुलाने सायकलची चेन बसवली. मी ती काढून परत बसवली. तो न बोलता आत गेला. बायको म्हणाली, "अगदी बाबा!"

२०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, खनिज वाहणारा बाबांचा ट्रक अंगणात लागला, हप्ते चालूच. रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन चालवून बंद करायचे. बॅटरी उतरू नये म्हणे. मी दात घासत बघायचो, विचारलं काहीच नाही. मधे थोडा चालला. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने खाणींची ८८ लीजं रद्द केली तेव्हा तो भंगाराच्या भावात विकला. विकायला मला पाठवलं, स्वतः आले नाहीत.

हल्ली त्यांचा हात थरथरतो. यंदा माटोळीला नारळांचा घड त्यांनी बांधला, गाठ सुटत आलेली. रात्री सगळे झोपल्यावर मी स्टुलावर चढलो, गाठ सोडली, पुन्हा बांधायला घेतली. वळून बघतो तर बाबा दारात.

"घट्ट बांद," म्हणाले, आणि सवयीने लाईट घालवून आत गेले.

मी काळोखात चाचपडत उतरलो. डोळे पुसायला हातात केवणीची साल तेवढी होती.

तुझा,
दिनू