पाऊण तास एकटीचा

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

खोलीत चौघी, त्यामुळे प्रोजेक्टचं डोक्यात काही शिजतच नाही, असं तू म्हणालीस. खोली बदलून मिळायची वाट बघू नकोस. रोज पाऊण तास पुरतो. सकाळी बाकीच्या अंघोळीच्या रांगेत असतात तेव्हा गच्चीच्या जिन्यात बस.

आदल्या रात्री एकच प्रश्न कागदावर लिही, तोही प्रश्नचिन्हासकट. ‘प्रोजेक्टचा विचार करणे’ हा प्रश्न नव्हे. ‘पाणी नेमकं कुठल्या सांध्यातून झिरपतंय?’ हा प्रश्न. फोन खोलीतच राहू दे, वेळेला साधं घड्याळ ने. पुस्तकही नको. वाचताना आपण एकटे नसतोच, लेखक बोलत असतो.

पहिली दहा-पंधरा मिनिटं जीव नुसता कासावीस होतो. त्यात तुझा दोष नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१४ सालच्या प्रयोगात माणसांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत बसवलं होतं, हाताशी विजेचा सौम्य झटका देणारं बटण. अठरा पुरुषांपैकी बारांनी आणि चोवीस बायकांपैकी सहाजणींनी स्वतःलाच झटका देऊन घेतला! तेव्हा या वेळात आठवणारी किरकोळ कामं (फी, धोबी, कुणाला तरी उत्तर) वेगळ्या चिठ्ठीवर उतरव आणि चिठ्ठी खिशात टाक. मग वीस-पंचवीस मिनिटं चित्रं, बाण, खोडाखोड, काय येईल ते. उठताना शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धं सोड, म्हणजे उद्या कोऱ्या कागदापासून सुरुवात नको.

बिघडतं कुठे, तर विचाराचं चर्वितचर्वण होतं तिथे. तेच वाक्य तिसऱ्यांदा आलं की उठ, दहा मिनिटं चालून ये. ‘माझ्याच्यानं होणार नाही’ हेच दोन-तीन दिवस घोळायला लागलं, तर बसणं बंद आणि मला फोन, कितीही वाजलेले असोत.

आणि आठवड्यातून एकदा ते कागद मैत्रिणीला दाखव. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स सात वर्षं घराच्या माळ्यावर फर्माच्या शेवटच्या प्रमेयाशी, गणितातल्या एका जुन्या न सुटलेल्या कोड्याशी, झुंजत होते. जून १९९३मध्ये केंब्रिजला सिद्धता जाहीर केली, आणि मग तपासणाऱ्यांना तिच्यात भोक सापडलं. ते बुजवायला सप्टेंबर १९९४ उजाडला, तेही जुन्या विद्यार्थ्याला, रिचर्ड टेलरला, सोबत घेऊन.

पार्सलमध्ये बिनरेघांचं पॅड आणि मऊ शिशाच्या दोन ‘बी’ पेन्सिली घातल्यात. चिवडा वरच्या डब्यात आहे.

तुझी,
आई