खोके, ओके आणि अनुप्रास

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रचारभाषणांतल्या अलंकारांवरचा कालचा लेख वाचला. विषय छान निवडलात, आभार. पण 'पन्नास खोके, एकदम ओके' हा अनुप्रास? नववीतल्या मुलाने असे लिहिले तर गुण कापतात. अनुप्रासात एकच अक्षर पुन्हा पुन्हा येते. इथे काम करते शेवटचे यमक, आणि त्याहून जास्त मात्रा, म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळाचे माप: लघू अक्षराची एक, गुरूची दोन. पन्नास पाच, खोके चार. एकदम पाच, ओके चार. नऊला नऊ! म्हणून एकाने पहिला अर्धा म्हटला की उरलेला जमाव आपणहून पुरा करतो. 'पंचेचाळीस खोके' म्हणून पाहा, तोंडातच अडखळते. शिवाय ही घोषणा २०२२ च्या ऑगस्टमध्ये विधान भवनाच्या पायऱ्यांवर दिली गेली. प्रचारसभांत ती नंतर आली.

'बटेंगे तो कटेंगे'चे तर तुम्ही 'विभागलो तर कापले जाऊ' केलेत आणि खाली लिहिलेत की ही घोषणा एवढी का गाजली कळत नाही. यमक काढून घेतल्यावर कसे कळणार?

श्लेषाचा, म्हणजे एकाच शब्दातून दोन अर्थ काढण्याचा, लेखात पत्ताच नाही. २०२४ च्या विधानसभा प्रचारात पंतप्रधान 'एक है तो सेफ है' म्हणाले आणि राहुल गांधींनी मुंबईच्या पत्रकार परिषदेत चक्क तिजोरी आणून ठेवली. मात्र सेफ म्हणजे तिजोरी हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला लागेलच असे नाही, आणि न लागलेला श्लेष फुकट जातो. वस्तूच समोर ठेवली की ती धास्ती उरत नाही. तुमच्या लेखकाने याला 'उपरोध' म्हणून वाटेला लावले.

राज ठाकरेंच्या २०१९ च्या सभांतल्या 'लाव रे तो व्हिडिओ'ला तर तुमचे लेखक 'आज्ञार्थी वाक्य' म्हणतात. धन्य! अहो, ते पालुपद आहे. आधी आरोप, मग थांबणे, मग ते चार शब्द, मग पडद्यावर प्रतिपक्षाचेच जुने बोलणे. दोन-तीनदा झाले की लोक त्या शब्दांची वाट पाहू लागतात, आणि वक्त्याला हवी असते ती हीच वाट पाहणे. वक्ता घाईने लगेच बोलून मोकळा झाला तर सगळे वाया. तुमच्या बातमीत हे थांबणे कधीच छापून येत नाही.

जाता जाता : राजकारण्यांच्या 'अलंकारांच्या हव्यासा'वर हळहळणाऱ्या त्या लेखाच्या शेजारीच, त्याच पानावर, दोन 'हल्लाबोल', एक 'तोफ डागली' आणि एक 'घणाघात' होता. तीन सभांच्या बातम्यांत चार रूपके. हा हव्यास कोणाचा?

आपला,
एक नियमित वाचक