वाहकाच्या मशीनला सांगायचं राहून जातं ते

श्टुटगार्ट, जर्मनी
रविवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, "कॉम्प्युटर शिकायला गेलीस आणि लोकांना प्रश्न काय विचारत बसतेस?" असं तुम्ही फोनवर म्हणालात. त्याचं उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून हे पत्र. आईला सावकाश वाचून दाखवा.

विषयाचं नाव रिक्वायरमेंट्स इंजिनिअरिंग. सॉफ्टवेअर बांधायच्या आधी त्याने नक्की काय करायचं हे शोधायचं, ठरवायचं, लिहायचं आणि लिहिलेलं खरं आहे का ते तपासायचं. सहा क्रेडिटचा विषय आहे. इथे एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे एकूण १८० तास. त्यातले वर्गात बसायचे साठेक. बाकीचे गटाने कागद लिहिण्यात आणि त्याहून जास्त खोडण्यात जातात.

याला मराठीत एकच शब्द सापडत नाही, आणि ते बरंच आहे. गरज, मागणी, अपेक्षा आणि अट हे आपल्याकडे चार वेगळे शब्द आहेत. माणसाची गरज एक असते, तो मागतो दुसरंच, अपेक्षा बोलून दाखवत नाही, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तर अटच लागते. पहिल्या तिन्हींतून चौथी काढायची, एवढंच काम. पण त्यात भलेभले फसतात.

तुम्ही वाहक म्हणून काम केलंत त्या एसटीचंच घ्या. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना ५० टक्के सवलत. "तिकिटाच्या मशीनमध्ये सवलत घाला" हे सांगायला एक वाक्य पुरतं. आता आई ६८ वर्षांची. बाई म्हणून निम्मे कमी, ज्येष्ठ म्हणून निम्मे कमी. बेरीज करणारा प्रोग्रॅम तिला फुकट नेईल. एकावर एक सवलत लावणारा पाव भाड्यात नेईल. दोन्ही प्रोग्रॅम लिहिणारे छातीठोक सांगतील की आम्ही कागदाप्रमाणेच केलं. तुम्ही मात्र हसाल: एका माणसाला एकच सवलत, यात विचारायचं काय! हेच ते, बाबा. ज्याला काम येतं त्याला जे सांगण्यासारखंच वाटत नाही, ते कागदावर येत नाही. आणि जे कागदावर येत नाही ते मशीनला माहीत नसतं.

पुढे चला. वय कोणत्या दिवशी मोजायचं, तिकीट काढलं त्या दिवशी की प्रवासाच्या? आगाऊ आरक्षण केलेल्या माणसाचा पंच्याहत्तरावा वाढदिवस मधल्या आठवड्यात आला तर? सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, मग कोल्हापूर-पणजी गाडीत अर्धं भाडं कुठे संपतं? भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्याने मोजतात, आणि हद्द काही टप्प्याचा हिशेब बघून आखलेली नाही. शिवाय मोफत प्रवाशालाही शून्य रुपयांचं तिकीट द्यावंच लागतं, कारण सवलतीचे पैसे शासनाकडून एसटीला मिळायचे तर किती जण, कुठून कुठे, किती भाड्याचे, याची नोंद हवी. "फुकट आहे, तिकीट कशाला" असं समजून कुणी मशीन बांधलं, तर प्रवासी खूश, वाहक खूश, आणि हिशेब विभाग रिकाम्या हाताने बसलेला. तो विभाग गाडीत कधी चढत नाही. म्हणून पहिल्या यादीत तो बहुतेक वेळा राहून जातो.

त्यामुळे पहिलं काम माणसांची यादी. वापरणारा, पैसे देणारा, बिघडल्यावर दुरुस्त करणारा, तपासणारा, आणि ज्याचं नुकसान होऊ शकतं तो. एसटीत वाहक, प्रवासी, आगाराची रोकड शाखा, मार्ग तपासणी पथक, मशीन चार्ज करून देणारा माणूस. मग मुलाखती. साधारण पाऊण ते एक तास, आपले दोघे जण: एकाने विचारायचं, दुसऱ्याने फक्त लिहायचं. साहेबासमोर वाहकाला विचारू नये. तो नियम सांगेल, काम सांगणार नाही. "तुम्ही सहसा काय करता?" असं विचारलं की पुस्तकी उत्तर येतं. "मशीन शेवटचं कधी बंद पडलं? त्या दिवशी पहिल्यांदा काय केलंत?" असं विचारलं की घाटात गेलेली रेंज, उतरलेली चार्जिंग, ट्रेमधली जुनी छापील तिकिटं आणि वेबिलावरची, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावरची खाडाखोड, सगळं बाहेर येतं. त्याच दिवशी नोंदी पक्क्या कराव्यात आणि दोन दिवसांत त्या माणसाला वाचून दाखवाव्यात. उशीर झाला की आपण आपल्याच मनाचं भरतो.

तरी मुलाखत पुरत नाही. हात जे आपोआप करतात ते तोंड सांगत नाही, म्हणून सोबत बसून नुसतं बघावं लागतं. उभ्या गर्दीत एका हाताने दांडी धरलेली, दुसऱ्या हातात मशीन, बोटांत नोटा. मशीन एका अंगठ्याने चालायला हवं, ही अट गाडीत उभं राहिल्याशिवाय सुचत नाही. नोरिआकी कानो या जपानी प्राध्यापकांनी १९८४ मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं: काही गोष्टी असल्या तर कुणी कौतुक करत नाही, पण नसल्या तर माणूस चिडतो. अशा गोष्टी कुणी मागत नाही. तिकिटावरचे आकडे पावसाळ्यात भिजूनही वाचता यावेत, हे कोण मागणार?

आता लिहिणं. माझ्या मते अभ्यासक्रमातला सगळ्यात कामाचा भाग हाच. रोल्स-रॉइसमध्ये विमानाच्या इंजिनांच्या नियंत्रणावर काम करताना अॅलिस्टर मॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी वाक्यांचे पाच साचे केले आणि २००९ मध्ये मांडले. त्याला ईअर्स म्हणतात. मराठीत ते फार छान बसतात. नेहमी लागू असेल तर नुसतं "मशीन अमुक करेल". काही घडल्यावर असेल तर "जेव्हा... तेव्हा". एखादी अवस्था चालू असेतोवर असेल तर "जोवर... तोवर". नको ते घडलं तर "जर... तर". आणि काही मशीनांतच ती सोय असेल तर "जिथे... तिथे". उदाहरणार्थ: "जर छपाई चालू असताना कागद संपला, तर मशीन ते तिकीट अपूर्ण म्हणून नोंदवेल आणि नवा रोल घातल्यावर त्याच क्रमांकाने पुन्हा छापेल." यातलं "त्याच क्रमांकाने" हे एक पद राहिलं तर एका प्रवाशाची दोन तिकिटं हिशेबात चढतात, आणि रोकड भरताना फरक वाहकाच्या खिशातून जातो.

काही शब्द लाल शाईने कापले जातात. लवकर, सोपं, योग्य, पुरेसं, शक्यतो, वगैरे. "मशीन वापरायला सोपं असावं" ही अट नाही, ती सदिच्छा आहे. त्याला माप लावायचं: "अर्ध्या तासाच्या शिकवणीनंतर १० नव्या वाहकांपैकी किमान ९ जण, कुणाला न विचारता, १५ सेकंदांत सवलतीचं तिकीट काढतील." १५ हा आकडा हवेतून घ्यायचा नाही, दोन थांब्यांमध्ये किती वेळ मिळतो आणि किती माणसं चढतात हे मोजून घ्यायचा. आपल्या भाषेत आणखी दोन खड्डे आहेत. एक, "तिकीट रद्द केले जावे" ही कर्मणी रचना: कोण रद्द करणार, वाहक, आगार की मशीन आपोआप? सरकारी मराठीची ही लाडकी सवय आहे. दुसरा, वेळेचे शब्द. "परवा" म्हणजे गेलेला की येणारा? "रविवारी रात्री साडेबाराची गाडी" नेमकी कोणत्या तारखेची? या एका वाक्याने माणूस स्टँडवर चोवीस तास लवकर किंवा उशिरा पोचू शकतो. तारीख आणि चोवीस तासांचं घड्याळ लिहिलं की भांडण मिटतं.

एवढं नीट लिहूनही घात होतो, आणि तो कसा होतो हे शिकवायला इथे वॉर्साचा अपघात घेतात. १४ सप्टेंबर १९९३, लुफ्तान्साचं ए३२० विमान पावसात उतरत होतं. पंखांवरचे वेग मारणारे पत्रे (स्पॉयलर) हवेत चुकून उघडू नयेत, म्हणून विमान जमिनीवर आहे याची खात्री झाल्याशिवाय सॉफ्टवेअर ते उघडत नसे. खात्री म्हणजे काय? चाकांच्या दोन्ही मुख्य पायांवर पुरेसं वजन, नाहीतर चाकं ताशी सुमारे १३३ किलोमीटरच्या वेगाने फिरताहेत. आडव्या वाऱ्याचा अंदाज असल्याने वैमानिकांनी विमान किंचित तिरकं उतरवलं. उजवा पाय आधी टेकला, डावा सुमारे ९ सेकंदांनी. धावपट्टीवर पाणी होतं, त्यावर चाकं फिरायच्या ऐवजी घसरली. तेवढा वेळ सॉफ्टवेअरच्या लेखी विमान हवेतच होतं. विमान पट्टी संपून बांधावर आदळलं, दोघे गेले. सॉफ्टवेअर लिहिल्याप्रमाणेच चाललं. लिहिणाऱ्यांनी धरलेली गोष्ट, की विमान जमिनीवर असलं की चाकं फिरतातच, त्या दिवशी खरी नव्हती.

मायकेल जॅक्सन (गाणारे नव्हेत, हे इंग्लंडातले संगणकतज्ज्ञ) आणि पामेला झेव्ह यांनी १९९७ मध्ये हे सूत्रात बांधलं. बाहेरच्या जगात काय व्हायला हवं ते एका रकान्यात, मशीन काय करेल ते दुसऱ्यात, आणि जगाबद्दल आपण काय गृहीत धरतो ते तिसऱ्यात. मशीनचं वागणं आणि गृहीतकं मिळून इच्छित परिणाम निघाला पाहिजे. विद्यार्थी पहिले दोन रकाने भरभरून लिहितात आणि तिसऱ्यात "काही नाही". मी तपासणारी असते तर गुण तिसऱ्यावरच दिले असते.

आई, तुझ्यासाठी तुझ्या शिवणकामातलं उदाहरण. गिऱ्हाईक जुना ब्लाऊज आणून टाकतं, "याच मापाचा शिवा" म्हणतं, आणि अंग मात्र दोन वर्षांत बदललेलं असतं. तू माप पुन्हा घेतेस. एरियन ५ रॉकेटच्या वेळी ते घेतलं नाही. ४ जून १९९६ ला उड्डाण झालं आणि चाळीस सेकंदांच्या आत रॉकेट भरकटून फुटलं. दिशा सांगणारं सॉफ्टवेअर एरियन ४ वरून जसंच्या तसं आणलं होतं. त्यातल्या एका खणात ३२,७६७ पर्यंतचाच आकडा मावायचा. जुन्या रॉकेटचा आडवा वेग त्यात बसायचा, नव्याचा जास्त होता, आकडा खणाबाहेर गेला आणि मुख्य व राखीव दोन्ही यंत्रं एकाच कारणाने बंद पडली. वाईट याचं वाटतं की ती आकडेमोड नव्या रॉकेटला उड्डाणानंतर लागतच नव्हती. जुन्याला चाळीसेक सेकंद लागायची म्हणून ती चालू ठेवलेली.

कागदाच्या नमुन्यांबद्दल थोडक्यात. जुना नमुना आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचा, क्रमांक ८३०, शेवटची आवृत्ती १९९८ ची; आता २९१४८ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक वापरतात, २०११ चं, २०१८ मध्ये सुधारलेलं. जर्मनांची त्याहून साधी पद्धत मला आवडते: दोन वह्या. लास्टनहेफ्ट ग्राहक लिहितो, काय हवं आणि कशासाठी. फ्लिश्टनहेफ्ट काम घेणारा लिहितो, ते कसं पुरं करणार. दोन्ही एकाच्याच हातची असली की काहीतरी गडबड आहे असं समजावं.

गटाच्या कामात चुका ठरलेल्याच असतात. "अॅप हवं" हा उपाय झाला, गरज नव्हे, "कशासाठी?" असं तीन-चारदा विचारलं की कधी कधी एका पाटीवर काम भागतं. सगळ्याच अटींवर "अत्यावश्यक" शिक्का बसतो, मग वेळ संपत आल्यावर काय सोडायचं कळत नाही. म्हणून एकूण श्रमांच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त काम अत्यावश्यक गटात ठेवू नये असा संकेत आहे. आणि क्रमांक. प्रत्येक अटीला क्रमांक, ती कुणी सांगितली, कोणत्या निर्णयावरून आली, कोणत्या चाचणीने तपासायची, हे एका तक्त्यात. कंटाळवाणं काम, सगळे टाळतात. पण उद्या शासनाने वयाची अट बदलली, तर ज्याच्याकडे तक्ता आहे तो एका तासात सांगतो की कोणत्या ओळी आणि कोणत्या चाचण्या बदलायच्या. ज्याच्याकडे नाही तो आठवडाभर शोधतो, आणि नेमकी आरक्षण रद्द करण्याची ओळ त्याच्या नजरेतून सुटते.

परीक्षेत अर्ध्या पानाचा सदोष मजकूर देतात. त्यातली संदिग्धता, विसंगती आणि राहिलेलं शोधून अटी पुन्हा लिहायच्या. बाबा, इथे १.० सगळ्यात चांगला आणि ५.० म्हणजे नापास. निकालात १.७ वाचून घाबरू नका.

आता तुमच्याकडे एक काम. प्रवासात मशीन बंद पडल्यावर ट्रेमधली तिकिटं द्यायची आणि नंतर वेबिलात चढवायची, ते पहिल्यापासून क्रमाने लिहून पाठवा. नियमात काय आहे ते नको, तुम्ही खरोखर काय करायचात ते लिहा. काम करताना कोणता आकडा आधी मांडायचात, कोणता आगारात आल्यावर, आणि तपासणीवाला मध्येच चढला तर त्याला काय दाखवायचात, हेही लिहा. कागदाचा फोटो काढून शेजारच्या पोराकडून पाठवलात तरी चालेल.

आईने चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. सुईत दोरा ओवायला आता किती वेळ लागतो, तेही मोजून कळव.

तुमची,
धाकटी