जेपेत्तोची भूक कापू नकोस

चि. मुक्तास,

अनेक आशीर्वाद.

चौथीच्या मुलांना पडद्यावर पिनोकिओ, म्हणजे जिवंत झालेल्या लाकडी बाहुल्याची गोष्ट, दाखवायचीय, तर कोणता सिनेमा दाखवू, असं तू परवा विचारलंस आणि माझं उत्तर ऐकून गप्प झालीस. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. माझं म्हणणं आजही तेच आहे. मात्तेओ गार्रोने या इटालियन दिग्दर्शकाचा, २०१९ सालचा, खऱ्या माणसांनी काम केलेला पिनोकिओ दाखव. तुझ्या वर्गातली निम्मी मुलं हंगामी वसतिगृहातली, आईबाप ऊसतोडीला गेलेले. अशा मुलांपुढे पुन्हा एक उपाशी बाप कशाला उभा करायचा, हा तुझा प्रश्न मला कळतो. तरी मी म्हणते की तो बाप त्यांनीच बघायला हवा.

या सिनेमाच्या सुरुवातीला ना बोलकं लाकूड आहे, ना परी. एक म्हातारा सुतार आपल्या खोलीत चीजच्या वाळक्या सालीला चिकटलेलं थोडंसं चीज पटाशीनं खरवडून खातोय. मग तो गावातल्या खानावळीत जातो. मागून खायची लाज वाटते, म्हणून मालकाला सांगायला लागतो की हे टेबल डुगडुगतंय, ही खुर्ची मोडायला आलीय, दारही नीट बसत नाहीये, मी दुरुस्त करून देतो. टेबल, खुर्ची, दार, सगळं धडधाकट असतं. म्हातारा कामासाठी नाही, जेवणासाठी आलाय, हे मालकालाही कळतं. हा म्हातारा म्हणजे जेपेत्तो, बाहुला घडवणारा त्याचा बाप, आणि तो झालाय नट रोबेर्तो बेनिन्यी. २००२ साली त्यानं स्वतःच पिनोकिओ दिग्दर्शित केला होता आणि पन्नाशीला टेकलेला असताना त्यात बाहुल्याचं काम केलं होतं. तो सिनेमा मला सोसला नाही. सगळ्या धावपळीत गोष्ट कुठेच श्वास घेत नव्हती. त्याच माणसाला सतरा वर्षांनी बापाच्या भूमिकेत बघताना मात्र माझे डोळे भरून आले. बाहुला बोलायला लागतो तेव्हा हा जेपेत्तो मला मुलगा झाला, मुलगा झाला म्हणून गावभर सांगत सुटतो. घरात दाणा नाही आणि आनंद मावत नाही, हे एका माणसाच्या चेहऱ्यावर एकाच वेळी दिसतं.

तू म्हणालीस की ही गरिबी दिग्दर्शकानं मुद्दाम गडद केली असेल. तसं नाही. ती मूळ पुस्तकातच आहे. ते लिहिणाऱ्या कार्लो कोल्लोदीचं खरं आडनाव लोरेन्झिनी, जन्म फ्लोरेन्समध्ये १८२६ सालचा. कोल्लोदी हे त्याच्या आईचं गाव, तेच त्यानं लेखनासाठी नाव म्हणून घेतलं. वडील एका सरदार घराण्यात स्वयंपाकी होते. म्हणजे दुसऱ्यांची भरलेली ताटं जवळून पाहिलेल्या घरातला हा मुलगा. त्यानं जेपेत्तोच्या घराचं वर्णन केलंय ते वाच. एक मोडकी खुर्ची, एक वाईट खाट, एक पडायला आलेलं टेबल. समोरच्या भिंतीवर चूल, तिच्यात जाळ, जाळावर उकळणारं पातेलं आणि त्यातून निघणारी वाफ. हे सगळं भिंतीवर रंगवलेलं आहे. पुढे भूक लागल्यावर पिनोकिओ त्या पातेल्याचं झाकण उघडायला धावतो आणि त्याचा हात भिंतीला लागतो. मुलांसाठी लिहिलेल्या कुठल्याच गोष्टीत मी भूक इतक्या नेमकेपणानं लिहिलेली वाचली नाही.

आणि ती तीन पेअर! जेपेत्तो स्वतःच्या न्याहारीसाठी ठेवलेली तीन पेअर मुलाला देतो. मुलगा नखरे करतो, साल काढून द्या म्हणतो, आतला गाभा खाणार नाही म्हणतो. बाप निमूटपणे साली आणि गाभे टेबलाच्या कडेला ठेवतो. पोट भरत नाही, तेव्हा मुलगा एकेक करून त्या साली खातो, मग गाभेही खातो. बहात्तरच्या दुष्काळात मी तुझ्या वर्गातल्या मुलांएवढी होते. तांबड्या मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीची, भाकरी आम्ही पहिल्या दिवशी ताटात तशीच ठेवली, चवच लागेना. थोड्याच दिवसांत तिचा तुकडाही कुणी सोडत नव्हतं. खडी फोडायला गेलेली मोठी माणसं पदरात सुकडी बांधून आणायची, त्याच्यासाठी आम्ही भावंडं वाटेवर जाऊन उभी राहायचो. मला कुणी त्या वयात ही पेअरची गोष्ट सांगितली असती तर मी घाबरले नसते. इतक्या लांबच्या देशात कुणाला तरी हे ठाऊक आहे, एवढंच मला वाटलं असतं, आणि ते फार मोठं वाटलं असतं.

म्हणून मला १९४० सालचा डिस्नेचा पिनोकिओ तुझ्या वर्गासाठी नको वाटतो. त्याची चित्रं सुंदर आहेत, गाणी गोड आहेत. पण त्यातल्या जेपेत्तोच्या उबदार घरात भिंतभर घड्याळं आहेत, लाडावलेलं मांजर आहे, काचेच्या भांड्यात मासा आहे. त्याला मूल हवंय, बाकी कशाची ददात नाही. भूक काढून घेतली की मग नाक उरतं, आणि गोष्ट खोटं बोलू नये एवढ्यावर येऊन थांबते. पुस्तकात खोटं बोलून नाक वाढण्याचे प्रसंग अगदी मोजके आहेत. इटलीतही बऱ्याच जणांच्या मनातला पिनोकिओ वेगळाच आहे. १९७२ साली तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीसाठी लुईजी कोमेन्चीनीनं केलेली मालिका लोकांनी घराघरांत पाहिली. तिच्यातला नीनो मान्फ्रेदीचा जेपेत्तोही थंडीनं कुडकुडणारा, खराखुरा गरीब आहे. वर्गात दाखवायला ती फार लांब पडेल, नाहीतर तीही सुचवली असती.

गार्रोनेच्या सिनेमातला बाहुला तुझ्या मुलांना नक्की आवडेल. फेदेरिको इएलापी या लहान मुलानं ते काम केलंय. त्याच्या तोंडावर लाकडाच्या रेषा आहेत, बारीक तडे आहेत, सांधे दिसतात, आणि हे बहुतेक सगळं रंगभूषेनं केलेलं आहे. मार्क कूलिअर या रंगभूषाकारानं ते घडवलं आणि त्यासाठी त्या पोराला रोज काही तास खुर्चीत बसून राहावं लागायचं. रंगभूषा आणि वेशभूषा या दोन्हींसाठी २०२१ साली सिनेमाला ऑस्करचं नामांकन होतं. मी हे पुरस्काराच्या कौतुकानं सांगत नाही. तुझी मुलं सरपण फोडतात, कोयत्याचा दांडा कसा तासतात ते त्यांनी पाहिलंय. हे लाकूड खरं की खोटं, हे ती तुझ्या आधी ओळखतील. त्यांना हात लावावासा वाटेल असं ते लाकूड आहे. गार्रोनेनं १८८३ सालच्या पहिल्या आवृत्तीतली एन्रिको माझ्झांतीची चित्रं समोर ठेवली होती, त्यामुळे कोल्हा, मांजर, गोगलगाय ही सगळी अर्धी माणसं आणि अर्धे प्राणी वाटतात. गोगलगाय तर चालते तिथे चिकट ओल मागे ठेवते. मुलं ओरडतील, ओरडू दे.

कोल्हा आणि मांजराच्या प्रसंगांत घाई करू नकोस. सोन्याची पाच नाणी जमिनीत पुरली की पैशांचं झाड उगवतं, असं ते पिनोकिओला पटवतात. पैसे दुप्पट करून देणारे आपल्या तालुक्यातही येऊन गेलेत, मुलांनी घरी त्याबद्दल ऐकलेलं असेल. गार्रोनेनं हे दोघे गुबगुबीत खलनायक केले नाहीत. तेही फाटके आहेत, खानावळीत अधाशासारखे खातात. त्यांचं पोटही रिकामं आहे, म्हणून त्यांच्यापुढे बसलेला भाबडा मुलगा वाचत नाही. पुढे पिनोकिओ न्याय मागायला जातो तेव्हा न्यायाधीश असतो एक गोरिला. पुस्तकात तो लुबाडलं गेल्याबद्दल पिनोकिओलाच तुरुंगात टाकतो, आणि चार महिन्यांनी सगळ्या गुन्हेगारांची सुटका होते तेव्हा मीही गुन्हेगार आहे असं सांगितल्यावरच त्याला बाहेर सोडतात. सिनेमात हा प्रसंग आणखी थोडक्यात येतो. निर्दोष माणसाला इथे शिक्षा असते हे कळल्यावर पोरगा भराभरा आपले गुन्हे सांगायला लागतो. मुलं यावर खूप हसतील. त्यातला एखादा हसणार नाही, त्याच्याकडे लक्ष ठेव.

आता भीतीबद्दल. बाहुल्याला झाडाला फाशी देतात तो प्रसंग सिनेमात आहे, आणि पुस्तकाचा तर तो आधी शेवटच होता. १८८१ साली मुलांच्या साप्ताहिकात ही गोष्ट क्रमशः येत होती. पंधराव्या प्रकरणात पिनोकिओ ओकच्या झाडाला लटकला आणि कोल्लोदीनं गोष्ट संपवली. पुढे सांगा, पुढे सांगा, असा वाचकांचा आग्रह झाल्यावर १८८२ साली त्यानं ती पुन्हा हातात घेतली आणि छत्तीस प्रकरणांपर्यंत नेली. हे मुलांना आधीच सांगून टाक. हा मरत नाही आणि तुमच्यासारख्या मुलांनीच त्याला वाचवलं, हे कळलं की ती धीरानं बघतील. मला जास्त काळजी गाढवांच्या प्रसंगाची वाटते. रात्री गाडी येते, मुलं तिच्यात चढतात, खेळांच्या देशात मजा करतात, आणि मग त्यांची गाढवं होतात आणि ती विकली जातात. तुझ्या मुलांनी आईबापांना रात्री ट्रकमध्ये बसून साखर कारखान्यावर जाताना पाहिलंय, काही जण स्वतः गेलीत. इथे सिनेमा थांबव, दिवे लाव आणि त्यांना बोलू दे. त्या दिवशी पुढचा भाग झाला नाही तरी चालेल.

याच ठिकाणी माझं कोल्लोदीशी पटत नाही. शाळा चुकवणारी मुलं गाढवं होतात, हे त्यानं फार कठोरपणे लिहिलंय. इटलीत १८७७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं होतं, कोल्लोदी स्वतः शाळेची पुस्तकं लिहीत होता, तेव्हा त्याचा आग्रह मी समजू शकते. पण त्याचा बाहुला बाहुल्यांचा खेळ बघायला म्हणून शाळेची वाट सोडतो आणि तुझ्या वर्गातली मुलं धाकट्या भावाला कोपीवर, ऊसतोडीच्या झोपडीत, सांभाळायला कुणी नाही म्हणून शाळा सोडतात. या दोन गोष्टी एक नाहीत. म्हणून बघा, शाळा बुडवली की काय होतं, असं या सिनेमाच्या शेवटी चुकूनही म्हणू नकोस. त्याऐवजी अंकलिपीचा प्रसंग पुन्हा लावून दाखव. मुलाला पुस्तक हवं म्हणून जेपेत्तो थंडीत अंगातला कोट विकतो. पुस्तकात मुलगा विचारतो, कोट का विकलात? तर बाप म्हणतो, त्यानं उकडत होतं. या मुलांचे बाप फोनवर असंच बोलतात. इथे सगळं ठीक आहे, थंडी नाही, जेवतो वेळेवर. ते मुलांना तुझ्या माझ्यापेक्षा लवकर कळेल.

सिनेमा निर्दोष नाही हेही सांगते. मध्ये एकामागून एक प्रसंग नुसते येत राहतात आणि परी कुठेतरी दूरच राहते, तिची माया पोचत नाही. पण शेवटाकडे, अजस्र माशाच्या पोटात बाप आणि मुलगा भेटतात, तिथे तो पुन्हा सावरतो. पुस्तकात त्यानंतर पिनोकिओ आजारी बापाला पेलाभर दूध मिळावं म्हणून रोज शंभर बादल्या पाणी शेंदतो. यावर मुलांचं म्हणणं काय ते विचार. मुलानं असं राबावं का, असं कुणी विचारलं तर त्याला गप्प करू नकोस.

सिनेमा दोन तासांच्या थोडा वर आहे, म्हणून दोन दिवसांत विभागून दाखव. इटालियनच लाव, बेनिन्यीचा आवाज ऐकू दे, आणि आवाज थोडा कमी करून तू बाजूला उभी राहून मराठीत सांगत जा. तुझी सांगण्याची हातोटी चांगली आहे. पहिलीदुसरीच्या पोरांना बसवू नकोस, त्यांना पेअरची आणि रंगवलेल्या पातेल्याची गोष्ट तोंडीच सांग. खिडक्यांना लावायला माझ्याकडच्या दोन जाड गोधड्या येत्या सोमवारच्या एसटीनं पाठवते, स्टँडवरून घेऊन जा. आणि सिनेमा दुपारची खिचडी झाल्यावरच लाव. सगळ्यांची पोटं भरलेली असू देत, पहिल्या ओळीतल्यांचीही आणि मागे बसणाऱ्यांचीही.

तुझी,
आई